अदृश्य वर्गातील शिक्षा

मराठीत ‘शिक्षा’ या शब्दास जो अर्थ आज रूढ आहे, तो प्रथम कानी पडला म्हणजे हिंदी भाषिकास मोठे नवल वाटते. त्याच्या भाषेत शिक्षा म्हणजे विद्यादान. आपल्या भाषेत शिक्षा म्हणजे शासन. संस्कृतात ‘शिक्ष्’ या धातूचा अर्थ शिकणे असा आहे, आणि सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे जे अंग आहे त्यासही शिक्षा हेच नाव आहे. एकाच धातूपासून निघालेले ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदत असूनही इतके भिन्नार्थी कसे झाले, याचा उलगडा शब्दशास्त्रज्ञांनी करावा. आपणांस त्या शेजारातून एक नैतिक कसोटी मात्र सहज हाती लागते. राजा चोरास दंड करतो तो प्रजेच्या रक्षणासाठी. त्या दंडाने चोर सुधारला तर उत्तमच, परंतु न सुधारला तरी दंडाचे प्रयोजन पुष्कळसे साधते. गुरु शिष्यास शिक्षा करतो ती त्या शिष्याच्याच हितासाठी, असे आपण निदान धरून तरी चालतो. तेव्हा जिच्यातून शिष्य काहीच शिकत नाही, ती शिक्षा शिक्षणाशी असलेले आपले नाते गमावून बसते आणि निव्वळ दंड उरते.

ही कसोटी आज पुन्हा एकदा लावून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. मार्च २०२० मध्ये साथीच्या भयाने देशातील शाळा-महाविद्यालयांना कुलपे लागली आणि थोड्याच काळात वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. पुढे साथ ओसरली, फळे-बाके पुन्हा गजबजली. परंतु दूरस्थ वर्ग काही गेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली केलेल्या नियमांन्वये एखाद्या सत्रातील अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरून पुरे करण्याची मुभा मिळाली आहे. स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्या आणि परदेशी विद्यापीठांचे पाठ हेही आता घरबसल्या होतात. अशा स्थितीत एक जुनाच प्रश्न नव्या वेषात आपल्यापुढे उभा राहिला आहे. जो विद्यार्थी आपणांस दिसत नाही, त्यास शिक्षकाने शिक्षा कोणत्या अधिकाराने करावी? आणि बक्षीस तरी कोणत्या खात्रीवर द्यावे?

आपल्या जुन्या शाळांतील शिक्षेविषयी आता कोणी फारसे ममतेने बोलत नाही, आणि ते योग्यच आहे. अंगठे धरून उभे राहणे, उठाबशा काढणे, बाकावर उभे राहणे आणि या सर्वांवर कळस म्हणजे हातावर बसणारी छडी, हा पंतोजींचा नित्याचा सरंजाम असे. तथापि शिक्षा करणाऱ्याच्या हातास मर्यादा असावी, ही कल्पना अगदी आजची नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिष्यास दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारण्याची परवानगी दिली आहे. परंतु मार पाठीवरच द्यावा, मस्तकावर कदापि देऊ नये, आणि ही मर्यादा ओलांडणारा चोराइतकाच दोषी समजावा, असेही तेथेच सांगितले आहे. आज ही परवानगी आपणांस मुळीच मान्य होणार नाही. परंतु शिक्षा करणाराही शिक्षेस पात्र होऊ शकतो, हे तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे २००९ सालच्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने आपल्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंचाही निषेध केला. छडी कायद्याने गेली. तरीही वर्गातील शिस्त सर्वस्वी ढासळली नाही. कारण तिचा खरा आधार छडीहून सूक्ष्म अशा एका गोष्टीत होता. ती गोष्ट म्हणजे शिक्षकाची नजर.

अनुभवी शिक्षक बोलता बोलता क्षणभर थांबतो आणि मागच्या बाकाकडे पाहतो. तेवढ्याने तेथील कुजबूज बंद पडते. ही शिक्षा म्हणावी तर कोणास इजा झालेली नाही, आणि शिक्षा नव्हे म्हणावे तर परिणाम झालेला आहे. या एका दृष्टिक्षेपात किती गोष्टी सामावलेल्या असतात! ‘मी तुला ओळखतो, तू काय करतो आहेस ते मला ठाऊक आहे, आणि तू याहून चांगला आहेस अशी माझी समजूत आहे,’ असे ती नजर सांगत असते. दूरस्थ वर्गात नाहीशी झाली ती नेमकी ही नजर. शिक्षकासमोर नावे लिहिलेल्या काळ्या चौकटींची एक रांग असते. त्या चौकटीमागे विद्यार्थी एकाग्रतेने ऐकत आहे, की झोपला आहे, की धाकट्या भावास खेळवीत आहे, हे कळण्यास मार्ग नसतो. नजर गेली, आणि तिच्या जागी विद्यार्थ्याचा आवाज बंद करणे, त्यास वर्गाबाहेर घालविणे, कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करणे, हजेरीचे गुण कापणे अशी साधने आली. ही सारी साधने बोटाच्या एका स्पर्शाने चालतात. त्यांचा हा सोपेपणाच प्रथम विचारात घेतला पाहिजे. कारण जी शिक्षा करताना करणाऱ्यास काहीच सोसावे लागत नाही, ती वारंवार होते आणि अविचाराने होते.

गुरूने शिष्यास केलेली शिक्षा न्याय्य ठरण्यास माझ्या मते तीन गोष्टी अवश्य आहेत. पहिली ही की, शिक्षा करणाऱ्यास कृत्य ठाऊक असले पाहिजे आणि शक्य तितके त्यामागील कारणही. दुसरी ही की, ज्यास शिक्षा व्हावयाची त्यास आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. तिसरी ही की, शिक्षा भोगून झाल्यावर ती संपली पाहिजे आणि विद्यार्थ्यास आपल्या जागी परत येता आले पाहिजे. या तीन कसोट्यांवर दूरस्थ वर्गातील शिक्षा घासून पाहिली तर काय दिसते?

पहिली कसोटी ज्ञानाची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे साथीच्या केवळ दोन वर्षे आधी, २०१७-१८ साली, असे दिसून आले होते की इंटरनेटची सोय शहरांतील सुमारे ४२ टक्के कुटुंबांस आणि खेड्यांतील सुमारे १५ टक्के कुटुंबांसच उपलब्ध आहे. घरी संगणक असणारी कुटुंबे तर खेड्यांत शंभरांत पाचही नव्हती. या आकड्यांचा वर्गातील अर्थ काय होतो ते पाहा. घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुले दोन. किंवा मोबाइल आहे परंतु तो घेऊन वडील कामावर गेलेले. किंवा सर्व काही आहे परंतु गावात वीज नाही. अशा घरातील मुलगा वर्गातून मध्येच नाहीसा होतो, प्रश्न विचारला असता गप्प राहतो, वही वेळेवर पाठवीत नाही. आळशी मुलगाही नेमके हेच करतो. शिक्षकास दिसणारी काळी चौकट दोघांची सारखीच असते. तेव्हा अनुपस्थितीबद्दल जो सरसकट दंड होतो, त्यातील काही भाग आळसावर पडतो आणि काही भाग दारिद्र्यावर. कोणता किती, हे दंड करणाऱ्यास ठाऊक नसते. कॅमेरा उघडा ठेवण्याच्या सक्तीतही हाच दोष आहे. ज्याच्या घरी अभ्यासाची स्वतंत्र खोली आहे त्यास कॅमेऱ्याचे काहीच वाटत नाही. ज्याचे सबंध कुटुंब एका खोलीत राहते, त्यास आपला संसार वर्गमित्रांपुढे उघडा करावा लागतो. हा संकोच म्हणजे बेशिस्त नव्हे.

हर्बर्ट स्पेन्सरने १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात नैसर्गिक परिणामांचे तत्त्व मांडले आहे, आणि आपल्याकडील सुशिक्षितांवर त्याचा मोठा पगडा होता. मुलाने खेळणी पसरली तर त्यानेच ती गोळा करावी. कृत्रिम शिक्षेची गरजच काय, असे त्याचे म्हणणे. दूरस्थ वर्गास हे तत्त्व प्रथमदर्शनी फार सोयीचे वाटते: जो ऐकणार नाही त्यास धडा समजणार नाही, हीच त्याची शिक्षा! परंतु ज्याचे यंत्र बंद पडले त्यासही धडा समजणार नाही. निसर्गाचा न्याय कृत्य पाहतो, हेतू पाहत नाही. हेतू पाहावयाचा म्हणजे माणूसच लागतो, आणि शिक्षकाचे प्रयोजन उरते ते येथेच.

दुसरी कसोटी बाजू मांडण्याची. येथे अमेरिकेतील दोन प्रकरणे बोधप्रद आहेत. डार्टमथ येथील वैद्यकीय महाविद्यालयाने २०२१ च्या वसंत ऋतूत आपल्या १७ विद्यार्थ्यांवर दूरस्थ परीक्षांत लबाडी केल्याचा आरोप ठेवला. आधार कोणता, तर परीक्षा चालू असताना त्यांच्या यंत्रांवरून पाठ्यसामग्री उघडली गेल्याची ‘कॅनव्हास’ या शैक्षणिक प्रणालीतील नोंद. पुढे असे निदर्शनास आले की, कोणी हातही न लावता यंत्र आपल्या आपण अशा नोंदी निर्माण करू शकते. अखेर जून २०२१ मध्ये सर्व आरोप मागे घेण्यात आले आणि अधिष्ठात्यांनी विद्यार्थ्यांची क्षमा मागितली. डॉक्टर होऊ घातलेल्या तरुणांवर लबाडीचा ठपका ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. मनुष्य साक्षीदार असता तर त्याची उलटतपासणी झाली असती. यंत्राची साक्ष मात्र निःपक्षपाती म्हणून अगोदरच खरी धरली गेली. यंत्रास राग-लोभ नसतो हे खरे. परंतु राग-लोभ नसणे म्हणजे न्याय असणे, असे समीकरण कोणी मांडू नये. यंत्रास जशी वैरबुद्धी नसते, तशी विवेकबुद्धीही नसते.

दुसरे प्रकरण क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाचे. परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याने कॅमेरा फिरवून आपली सारी खोली दाखवावी, अशी पद्धत तेथे होती. एका विद्यार्थ्याने तिला न्यायालयात आव्हान दिले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने असा निर्णय दिला की, ही खोलीची झडतीच होय आणि ती राज्यघटनेने दिलेल्या संरक्षणाचा भंग करते. या निर्णयाने माझ्या मनात जेरेमी बेंथॅमच्या एका कल्पनेची आठवण जागी केली. १७९१ साली त्याने ‘पॅनॉप्टिकॉन’ नावाच्या वर्तुळाकार इमारतीचा आराखडा प्रसिद्ध केला. मध्यभागी मनोरा, सभोवती कोठड्या. मनोऱ्यातील पहारेकऱ्यास सर्व दिसावे, परंतु तो आपणांकडे या क्षणी पाहत आहे की नाही हे कोठडीतील कोणासही कळू नये. ही योजना तुरुंगांसाठी तशीच शाळांसाठीही उपयोगी पडेल, असे बेंथॅमने म्हटले होते. परीक्षार्थीच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणारी आजची साधने पाहिली म्हणजे त्याची योजना विटा-चुन्याशिवायच उभी राहिली असे म्हणावे लागते. वर्गातील शिक्षकाची नजर आणि ही नजर यांत भेद आहे तो हा की, पहिलीकडे आपणांस उलट पाहता येते. शिक्षकाने पाहिले तर विद्यार्थी मान खाली घालतो, किंवा निरपराध असेल तर सरळ त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवितो, आणि शिक्षकास ते समजते. नजरेस मिळालेले हे उत्तरच होय. ज्या नजरेस उत्तर देता येत नाही, ती नजर शिकवू शकत नाही.

तिसरी कसोटी समाप्तीची. जुन्या शाळेतील शिक्षा कठोर असे, परंतु तास संपल्याची घंटा झाली की बाकावर उभा असलेला मुलगा खाली उतरे आणि मधल्या सुटीत त्याच मास्तरांच्या समोरून खेळावयास पळे. विस्मृती ही बालपणास मिळालेली फार मोठी देणगी आहे. नव्या व्यवस्थेत प्रत्येक उशिराची, प्रत्येक अनुपस्थितीची, प्रत्येक संशयाची नोंद राहते आणि ती पुसण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. तेरा वर्षांच्या मुलाचे कृत्य त्याच्या अठराव्या वर्षी कोणी वाचीत बसावे, यात त्या मुलाचे शिक्षण ते कोणते? प्रायश्चित्त घेतलेल्या माणसास पुन्हा पंक्तीत बसू दिले पाहिजे, ही जाण आपल्या समाजाच्या जुन्या रूढींतही होती. शाळेने तिच्याहून अनुदार होऊ नये.

शिक्षेसंबंधी एवढे सांगितल्यावर कित्येक सज्जन म्हणतील की, ठीक आहे, शिक्षा सोडून द्या. बक्षिसांनी मुलांस वळण लावा. बक्षीस निरुपद्रवी असते, असा एक सार्वत्रिक समज आहे. परंतु बक्षिसांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. लंडनमधील जोसेफ लँकेस्टर हा क्वेकर पंथाचा शिक्षक. छडीचा त्यास तिटकारा होता. शेकडो मुलांस एका शिक्षकाने, हुशार मुलांच्या साहाय्याने, शिकवावे अशी पद्धत त्याने बसविली. तिच्यासारखाच प्रयोग अँड्र्यू बेल याने त्यापूर्वी मद्रासेतील अनाथालयात केला होता. लँकेस्टरने १८०३ साली आपल्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. छडीच्या जागी त्याने बिल्ले आणि तिकिटे आणली. पुरेशी तिकिटे जमली म्हणजे त्यांवर खेळणी मिळत. परंतु याच दयाळू पद्धतीत अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकविणे किंवा त्यास टोपलीत घालून छतास टांगणे, असेही प्रकार होते. संख्या मोठी आणि ओळख थोडी, अशा वर्गात बक्षीस आणि अपमान ही दोन्ही सोबतीनेच येतात, असे यावरून दिसते. २०११ साली अमेरिकेत निघालेल्या ‘क्लासडोजो’ या साधनात शिक्षक बोट टेकवून मुलास गुण देतो अथवा काढून घेतो. ‘डुओलिंगो’सारखे भाषा शिकविणारे साधन सलग किती दिवस अभ्यास केला याची साखळी मोजते आणि ती तुटू नये म्हणून विद्यार्थ्यास रोज आठवण करते. लँकेस्टरची तिकिटे दोनशे वर्षांनी पडद्यावर चमकू लागली आहेत, एवढाच फरक.

यात वाईट काय, याचे उत्तर १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाने दिले आहे. ज्या बालकांस चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, अशी त्यांनी निवडली. काहींस सांगितले की, चित्र काढाल तर सोनेरी तारा लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींस न सांगता मागाहून ते दिले. काहींस काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी पाहिले तेव्हा, बक्षिसाच्या आशेने चित्रे काढणारी मुले आता आपण होऊन चित्रकलेकडे इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ देत होती. ज्यांस अवचित पारितोषिक मिळाले होते त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. तेव्हा दोष पारितोषिकात नसून आमिषात आहे. पुरे झालेल्या कामाची कदर करणे निराळे आणि न केलेल्या कामाची किंमत आधीच ठरविणे निराळे. किंमत ठरली की मूल काम करीत नाही, सौदा करते.

मारिया माँटेसरी यांनी आपल्या ग्रंथात रोममधील बालगृहातला एक प्रसंग सांगितला आहे. एका हुशार मुलाच्या गळ्यात बक्षीस म्हणून रुपेरी क्रूस घातलेला होता, आणि दुसऱ्या एकास शिक्षा म्हणून खुर्चीवर बसविले होते. पहिला आपल्या कामासाठी ये-जा करीत असता क्रूस गळून पडला. खुर्चीतील मुलाने तो उचलून त्यास दाखविला. तेव्हा मला त्याची पर्वा नाही, तूच घाल हवा तर, असे सांगून तो पुन्हा कामास लागला. शिक्षा झालेला मुलगा बक्षीस मिरवीत आनंदाने बसून राहिला! ज्यास काम मिळाले होते त्यास बक्षिसाची गरज उरली नव्हती, आणि बक्षिसाची गोडी लागली ती ज्यास काम नव्हते त्यास. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासह भावनगरास काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणातून भय आणि लालूच ही दोन्ही हद्दपार करण्याचा जो आग्रह धरला, त्याच्या मुळाशी हीच दृष्टी होती.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळू. ‘हे सारे लहान मुलांपुरते ठीक आहे, परंतु भय नाही, लोभ नाही आणि पाहणाराही नाही, अशा स्थितीत कोण अभ्यास करील?’ असे अनेक शिक्षक आणि पालक विचारतात, आणि त्यांच्या म्हणण्यास आधारही आहे. हार्वर्ड आणि एम्. आय्. टी. या विद्यापीठांच्या मुक्त अभ्यासक्रमांचा जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्या सर्वांपैकी सुमारे ३ टक्केच लोक अभ्यासक्रमाच्या अखेरीस पोहोचले. ज्ञानाची गंगा दाराशी आली, आणि शंभरांतील सत्त्याण्णव जणांनी ओंजळही भरली नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधील ग्लॉकॉनने मांडलेला प्रश्न तो हाच. गायजीसच्या कथेतील मेंढपाळास एक अंगठी सापडते; तिचे खोंड आतल्या बाजूस फिरविले की तो अदृश्य होतो. अदृश्य होताच तो राणीस वश करतो, राजास ठार मारतो आणि राज्य बळकावतो. ग्लॉकॉन विचारतो की, अशी अंगठी मिळाल्यावर सज्जन आणि दुर्जन यांत काय भेद उरेल? दूरस्थ वर्गाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या बोटात ही अंगठी घातली आहे. कॅमेरा बंद केला की तो अदृश्य!

परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडाही पाहिला पाहिजे. ज्यांनी शुल्क भरून रीतसर प्रमाणपत्रासाठी नाव घातले होते, त्यांपैकी त्याच वर्षी सुमारे ४६ टक्के लोक अखेरपर्यंत टिकले. काही जण म्हणतील, हा पैशाचा प्रताप. पैसे बुडतील ही भीती त्यात असणार, प्रमाणपत्राची ओढही असणार आणि मुळात ज्यांची इच्छा बळकट तेच शुल्क भरतात हेही खरे. तथापि या सर्वांस ओलांडून एक गोष्ट उरते: हे बंधन त्यांनी आपले आपण घालून घेतलेले होते. त्यांच्यावर पहारा ठेवून त्यांस कोणी बसविले नव्हते. आपल्या परंपरेत अशा स्वतः स्वीकारलेल्या बंधनास संकल्प किंवा व्रत म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी परगावी, अनोळखी माणसांत जेवावयास बसला तरी मांसाहार करीत नाही. तेथे त्यास पाहणारा कोण असतो? माळ कोणी सक्तीने घातलेली नसते आणि तिच्यात कॅमेरा बसविलेला नसतो. गायजीसच्या अंगठीस खरे उत्तर म्हणून याहून तीक्ष्ण डोळा शोधीत बसण्याचे कारण नाही. ही माळ पुरेशी आहे. सॉक्रेटिसाचेही उत्तर याच दिशेचे आहे. न्याय हा आत्म्याच्या स्वास्थ्याचा प्रश्न आहे, आणि अंगठी असो वा नसो, न्यायाने वागणे हेच आत्म्यास हिताचे आहे, असे तो संवादाच्या अखेरीस सांगतो.

म्हणजे दूरस्थ वर्गाने शिस्त मोडली असे म्हणण्यापेक्षा, जिला आपण शिस्त म्हणत होतो तिच्यात खरी शिस्त किती आणि केवळ पाहणाऱ्याचा धाक किती, हे त्याने उघडे केले असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. पाहणारा दूर होताच जी नाहीशी झाली ती शिस्त विद्यार्थ्याची कधी नव्हतीच. ती शिक्षकाची होती आणि त्याच्याबरोबर गेली.

यावरून दूरस्थ वर्गात कोणासही कधीही शिक्षा करू नये, असे मात्र मी म्हणत नाही. वर्गात घुसून शिक्षिकेस अपशब्द बोलणे, दुसऱ्या मुलाचे चित्र विटंबना करून पसरविणे, असे प्रकार पडद्यावरही घडतात, आणि पडद्याआड लपता येते म्हणून अधिक निर्लज्जपणे घडतात. तेथे दुसऱ्यास झालेली इजा स्पष्ट असते. तिची दखल न घेणे हा दुर्बलांवर अन्याय होय. परंतु तेथेही वर्गातून काढून टाकणारे बटण दाबणे ही शिक्षेची केवळ सुरुवात समजावी. त्यानंतर त्या मुलाशी बोलले पाहिजे, त्याच्या आईवडिलांशी बोलले पाहिजे, ज्यास इजा झाली त्याची भरपाई त्याच्याकडून करवून घेतली पाहिजे, आणि मग त्यास परत आणले पाहिजे. हे सर्व करण्यास वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच शिक्षण.

बाकीच्या बाबतींत शिक्षकाने स्वतःस एक साधा नियम घालून घ्यावा: जे मला ठाऊक नाही, त्याबद्दल मी दंड करणार नाही. विद्यार्थी वर्गात दिसला नाही तर गुण कापण्यापूर्वी त्यास एकदा विचारावे. परीक्षेत लबाडी होईल असे भय असेल तर पहारा वाढविण्याऐवजी प्रश्न बदलावेत. पुस्तक उघडूनही ज्याचे उत्तर आयते सापडत नाही असा प्रश्न काढणे परीक्षकास जड जाते खरे, परंतु ते कष्ट परीक्षकाने घ्यावयाचे की त्यांच्याऐवजी विद्यार्थ्याच्या खोलीची झडती घ्यावयाची, हा निवाडा कठीण नसावा. लेखी उत्तरावर संशय आला तर दहा मिनिटे त्याच विषयावर त्याच्याशी बोलावे. ज्याने विचार केला आहे तो बोलण्यातून लपत नाही. वर्षारंभी वर्गाचे नियम वर्गाकडूनच करवून घ्यावेत, म्हणजे ते थोडेफार तरी त्यांचे स्वतःचे होतील. मोठ्या संख्येच्या वर्गात हे कसे जमावे, अशी अडचण सांगितली जाईल, आणि ती खरी आहे. परंतु मग दोष संख्येचा आहे हे उघडपणे मान्य करावे. एका शिक्षकाच्या पडद्यावर शेकडो मुले बसवून काटकसर करावयाची आणि त्या काटकसरीतून उपजलेल्या बेशिस्तीबद्दल मुलांस दंड करावयाचा, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

पालकांसही येथे एक सुचवावेसे वाटते. मुलाच्या पाठीशी उभे राहून तो पडद्याकडे पाहतो की नाही हे तपासणारा बाप घरातच मनोरा उभारतो. त्याऐवजी वर्ग संपल्यावर ‘आज काय शिकलास ते मला सांग’ असे म्हणून दहा मिनिटे मनापासून ऐकणारा बाप मुलास अधिक उपयोगी पडेल. आपल्याला काही समजले आणि ते ऐकण्यास कोणी उत्सुक आहे, या आनंदाहून मोठे बक्षीस विद्यार्थ्यास देता येत नाही, आणि त्याचा सौदाही होत नाही.

यंत्रे पुढेही सुधारत जातील. आज जी डोळ्यांची हालचाल टिपतात, ती उद्या मनाची चलबिचल टिपल्याचा दावा करतील, आणि शिक्षकाचे काम हलके झाले म्हणून त्यांचे स्वागतही होईल. तेव्हा आपण आपल्या भाषेतील त्या दोन शब्दांकडे वळून एवढाच प्रश्न विचारावा की, या शिक्षेतून विद्यार्थी काय शिकला? आपणांवर कोणाचा विश्वास नाही, एवढेच जर तो शिकला असेल, तर तो धडा त्यास आयुष्यभर पुरेल. आणि तो शिकविल्याबद्दल कोणत्याही शिक्षकास अभिमान वाटण्याचे कारण नाही.